कमरेला बत्तीस, तोंडी नऊ एमएम

अहो, कानावर आलं का? नसेल तर जरा जवळ सरका. हे चारचौघांत मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. आपल्या साताऱ्या-सांगलीची पोरं हातची गेली हो! दारू, पत्ते, मटका म्हणाल तर त्यातलं काही नाही. तसलं काही असतं तर वडीलधाऱ्यांचाच वारसा म्हणून आपण गप्प बसलो असतो. पोरं ‘अप्पर’वरून भांडतायत!

महालक्ष्मी एक्सप्रेसमधल्या बर्थवरून नाही, रायफलीच्या अप्परवरून. संध्याकाळी साताऱ्यात पोवई नाक्याला चहाच्या गाड्यापाशी उभे राहा, नाहीतर सांगलीत विश्रामबागला, आणि फक्त कान उघडे ठेवा. “एआर-पंधराला नऊ एमएमचं अप्पर बसवायचं तर साधं ब्लोबॅक घ्यावं का डिलेड?” त्यावर दुसरा, “साध्याचा झटका लई बसतोय भावा, डिलेडच घे.” तिसऱ्याला मॅगझिनची काळजी लागलेली. ग्लॉकचं चालेल असं घ्यावं का कोल्टचं? आणि चौथा, ज्याला घरून अजून स्कूटरची चावी मिळत नाही, तो गंभीर चेहऱ्यानं बजावतो, “नळी सोळा इंचाच्या खाली घेऊ नका रे, कागदपत्रांची भानगड होती मग.”

कागदपत्रं अमेरिकेतली बरं का. इथल्या कागदपत्रांची त्याला कल्पनाच नाही.

प्रकरण आधी नीट समजून घ्या, म्हणजे धक्काही नीट बसेल. एआर-१५ ही रायफल युजीन स्टोनर या अभियंत्यानं १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत असताना घडवली. तिचे दोन भाग. खालच्या भागात चाप, मूठ आणि मॅगझिन बसवायची जागा. वरच्या भागात, म्हणजे अप्परमध्ये, नळी आणि बोल्ट. दोन पिना ढकलल्या की वरचा भाग सुटा होऊन हातात येतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक म्हणायचं ते फक्त खालच्या भागाला. नंबर त्याच्यावर, चौकशी त्याची. वरचा भाग सुट्या मालात मोडतो आणि घरपोच येतो. त्यामुळे तिथली हौशी मंडळी खालचा भाग एकच ठेवून वरचे भाग बदलत बसतात. त्यात पिस्तुलाचं नऊ एमएम काडतूस उडवणाऱ्या अप्परची भारी चलती. रायफलीच्या काडतुसापेक्षा ते स्वस्त, झटका कमी, आवाज कमी, आणि शंभर यार्डांच्या आत रविवारची हौस मजेत भागते. पिस्तूल आणि रायफल दोघांना काडतुसाची पेटी एकच.

आता सांगा, आपल्या नाक्यावरच्या चौघांपैकी रायफल कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! एकाच्या आत्याचा जावई डॅलसला असतो, त्यानं एकदा व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता, एवढाच काय तो पुरावा. बाकी सगळं शिक्षण मोबाइलवर झालेलं. सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद केली तेव्हा आयांनी देवाला नारळ फोडले. पुढच्या वर्षी तीच बीजीएमआय या नावानं परत आली, आणि नारळ वाया गेले. उझी, यूएमपी, व्हेक्टर यांचं कुळ-मूळ पोरांना तोंडपाठ. याच पोराला बांधावर उभं करून विचारा, “हा ऊस को ८६०३२ का फुले २६५?” पोरगं मोबाइलला रेंज शोधायला लागतं. फुले २६५ ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची जात, म्हणजे तर आपल्या फलटणच्या अंगणातली. पण तिला मॅगझिन नाही ना!

यापुढची बातमी ऐकून तर तुम्ही तोंडात बोट घालाल. ज्या वस्तूवरून पोरांचा घसा बसतो, ती भारतात निवडायची सोयच नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. सेमी-ऑटोमॅटिक रायफली पहिल्या वर्गात, म्हणजे सामान्य माणसानं नाव काढू नये अशा यादीत. त्याच यादीत लष्कराचं नऊ एमएम काडतूस ज्यात बसेल असं पिस्तूल, रिव्हॉल्वर आणि कार्बाइन. म्हणजे आपल्या पोरांनी अशी वस्तू निवडली की ती खालूनही वर्ज्य आणि वरूनही वर्ज्य! बरं, सुटा भाग मागवावा म्हटलं, तर आपल्या कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही आले आणि ते बनवायची यंत्रंही आली. अमेरिकेत जो भाग पार्सलनं येतो, तो इथं मागवला तर पार्सलाच्या आधी स्थानिक गुन्हे शाखेची जीप दारात येईल. आणि एका वर्गातलं हत्यार बदलून दुसऱ्या वर्गात न्यायचं म्हटलं, तर त्यालाही परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनं सहाव्या कलमात ती ओळ मुद्दाम घातली आहे. वर्ज्य हत्यार बेकायदा बाळगलं तर शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त १४. साधं हत्यार विनापरवाना असलं तर २ ते ५ वर्षं. पोवई नाक्यावरच्या अभ्यासमंडळात या आकड्यांचा अभ्यास कुणी केलेला दिसत नाही.

पोरांना तरी काय बोलायचं म्हणा! पोरं बिचारी फक्त तोंडानं बार काढतात. थोरांचं ऐकाल तर पोरं संत वाटतील.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे माणूस मोठा झाला की आधी बंगला होतो, मग काळ्या काचांची गाडी येते, आणि मग कुणीतरी कानाशी लागतं, “दादा, आता एक लायसन पायजेच.” कशाचं लायसन हे विचारायचं नसतं. क्रशरवाले, प्लॉटिंगवाले, टोलनाक्यावर ओळख सांगणारे, आणि ज्यांचा धंदा नेमका काय हे गावाला कधीच कळलेलं नाही असे, सगळे एकाच रांगेत. या रांगेत खरी गरज असलेलेही उभे असतात, ते कबूल करते. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची गलाई करणारी कुटुंबं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं थाटून बसली आहेत. रोज दुसऱ्याचं सोनं सांभाळणाऱ्याला धास्ती असणारच. नियमही तेच म्हणतो. धंद्याच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे जिवाच्या, मालमत्तेच्या रक्षणाची ज्याला खरी गरज आहे, त्याला परवाना देता येतो. पण मला सांगा, बारशाला आणि वास्तुशांतीला जाताना कसली गरज हो?

आता निवडीचा प्रश्न. इथं तर आणखी मजा. अमेरिकेतल्या माणसापुढे शंभर पर्याय. आपल्या दादांपुढे फिरून फिरून बत्तीस बोअर. नऊ एमएम, अडतीस, पंचेचाळीस ही सगळी फौजेच्या, पोलिसांच्या काडतुसांची मापं. सरकारी काडतूस खासगी हत्यारात चालू नये म्हणून ती दारं बंद. उरलं बत्तीस. तरी दादा निवड करायला बसतात, आणि चार सल्लागार घेऊनच बसतात. कानपूरची बत्तीसची रिव्हॉल्वर घ्यावी का ‘अशनी’ पिस्तूल? रिव्हॉल्वरमध्ये सहा, पिस्तुलात जास्त. एक म्हणतो रिव्हॉल्वर अडकत नाही. दुसरा म्हणतो पिस्तूल चपटं, सदऱ्याखाली फुगत नाही. मग तिसरा खालच्या आवाजात म्हणतो, “दादा, जुनं इंपोर्टेड मिळतंय.” हा ‘जुनं इंपोर्टेड’ प्रकार म्हणजे तर वेगळंच व्यसन. खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेली वेब्ली किंवा वॉल्थर एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहते आणि दर फेरीला तिचा भाव चढतो. आजोबांच्या वयाच्या पिस्तुलाला लाखांवर लाख मोजतात, आणि खुद्द आजोबांना चष्म्याचा नंबर बदलून द्यायला यांना सवड नसते!

बायकांनाही सोडलं नाही हो सरकारनं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाची रिव्हॉल्वर काढली. दिल्लीतल्या निर्भया अत्याचाराच्या त्या भयंकर घटनेनंतरची ही योजना. बोअर बत्तीसच, वजन अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. आणि पेटी कसली, तर दागिन्यांची असते तशी मखमली, मरून रंगाची! हेतू चांगला म्हणावा, पण ज्या बाईला रात्री एसटी स्टँडवरून घरी जायची भीती वाटते, तिच्याकडे सव्वा लाख कुठून येणार, हा हिशेब कुणी मांडला नव्हता. आणि जिच्याकडे सव्वा लाख होते, तिनं सव्वा लाखाच्या पाटल्या केल्या. शहाणी ती! २०२३ मध्ये ‘प्रबल’ आली, पन्नास मीटर पल्ल्याची जाहिरात करत. पन्नास मीटरवरच्या माणसापासून स्वतःचं रक्षण कसं करायचं असतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुकानातली निवड सोपी म्हणावी असा खरा तमाशा जिल्हाधिकारी कचेरीत. अर्ज ऑनलाइन भरायचा. मग पोलिसांचा अहवाल. मग डॉक्टरचा दाखला, त्यात डोकं ठिकाणावर आहे असंही लिहून लागतं. मग हत्यार हाताळायचं प्रशिक्षण झाल्याचं प्रमाणपत्र, आणि ते घरात कडीकुलपात ठेवीन असं हमीपत्र. गावात ज्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, ते दादा कारकुनापुढे झेरॉक्सच्या पिशव्या घेऊन उभे असतात. कारकून मान वर न करता विचारतो, “धोका कुणापासून?” इथं दादा अडखळतात. शत्रू नाही असं सांगावं तर परवाना नाही. शत्रू आहे असं सांगावं तर नाव लिहावं लागतं, आणि ते नाव नेमकं चुलतभावाचं निघतं. मग भावकीत निरोप जातो म्हणे, “जरा चार लोकांसमोर धमकी देऊन ठेव की, कामाची आहे.” चुलतभाऊही असा बेरकी की धमकीच्या बदल्यात बांधावरचं आंब्याचं झाड मागतो. खरं-खोटं देव जाणे, मी ऐकलं ते सांगितलं.

परवाना मिळाला की पुढचा सवाल, “कुठपर्यंत चालतंय?” महाराष्ट्रापुरता असेल तर माणूस साधा. ‘ऑल इंडिया’ असेल तर लग्नपत्रिकेत नाव वरच्या ओळीत. ऑल इंडिया परवान्याचा हा माणूस वर्षातून एकदा बाहेर जातो तो तिरुपतीला, आणि तिथं बालाजीसमोर हत्यार काही नेता येत नाही.

आणि मग प्रदर्शन. अगं बाई! सदरा मुद्दाम आखूड शिवलेला. हॉटेलात बसताना खुर्ची अशी तिरकी सरकवायची की वेटरला आधी कंबर दिसावी, मग तोंड. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा मांडतात. आमच्या लहानपणी पाटावर विळा, कोयता, पहार, शिवणयंत्राची कात्री असायची. आता मधोमध रिव्हॉल्वर, तिच्यावर झेंडूचं फूल, हळदी-कुंकू नळीच्या तोंडाला, बाजूला काडतुसांची रांगोळी, आणि विळा कोपऱ्यात. फोटो काढून स्टेटसला. खाली नातेवाईकांचे हात जोडलेले. कुंकवानं गंजेल म्हणून कुणी सांगितलं तर तो देशद्रोही.

या सगळ्यात कायदा काय म्हणतो तेही घ्या ऐकून. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर होल्स्टरमध्ये, आणि ते परजायचं नाही, दाखवायचं नाही, बार काढायचा नाही. लग्नात, वरातीत, देवळात, कार्यक्रमात आनंदाच्या भरात गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. गोळी वर गेली की खाली येते, हे शाळेत शिकलेलं नवरदेवाच्या मित्रांना आठवत नाही. बीडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला परवान्यांची मोजदाद निघाली, आकडा हजाराच्या वर गेलेला पाहून सगळ्या राज्यानं डोळे विस्फारले, छाननी झाली, परवाने रद्द झाले. तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी स्टेटसवरचे फोटो रातोरात गायब झाले. फोटो गेले, हौस मात्र तिथंच आहे.

आणखी एक गंमत. २०१९ च्या आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत. मग कायदा झाला, दोनच. तिसरं वर्षभरात जमा करा. घराघरांत खल सुरू झाला. आजोबांची बारा बोअर, वडिलांची रायफल आणि स्वतःची रिव्हॉल्वर, यातलं काय सोडायचं? आजोबांनी त्या बारा बोअरनं शेत राखलेलं, वडिलांनी रायफलीला दर रविवारी तेल दिलेलं, आणि रिव्हॉल्वरनं आजवर एक फुगाही फोडलेला नाही. तरी गेली ती आजोबांची! रिव्हॉल्वर सोडली असती तर कमरेला काय लावणार?

त्या बारा बोअरबद्दल एक शब्द चांगला बोलू द्या, नाहीतर म्हणाल बाईला नुसती निंदाच येते. ज्यांच्याकडे खरं काम आहे त्यांच्या बंदुकीची चर्चा कधी होत नाही. पाटण, जावळीकडच्या डोंगरकपारीत रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं शेत उकरून जातात. तिथल्या शेतकऱ्याला पीक राखायचा परवाना लागतो, आणि तरीही गोळी घालायला वनखात्याच्या अटी आहेतच. शिराळ्याकडे उसात बिबट्याची मादी विते. तिच्यावर बंदूक रोखायची नसते, वनखात्याला फोन करायचा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला. त्या दिवशी शहरातल्या एकाही कमरेवरच्या बत्तीसचा उपयोग झाला नाही. वनखात्याच्या माणसांनी धीरानं त्याला पकडून बाहेर नेलं. तसंच बँकेच्या दारात स्टुलावर बसलेले निवृत्त फौजी पाहा. मांडीवर बारा बोअर, खिशात खडकीच्या कारखान्याची काडतुसं, नजर सगळ्यांवर. त्यांच्यातला एखादा आपशिंगे मिलिटरीचा असतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्या गावातल्या माणसाला कंबर दाखवायला जाऊ नये. तो हसणार नाही, पण बघेल अशा नजरेनं की सदरा आपोआप खाली ओढला जाईल.

आणि कुठल्या मातीत ही थेरं चालली आहेत बघा! सातारा-सांगली जेव्हा एकच जिल्हा होता, तेव्हा नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इथं इंग्रजांची झोप उडवली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली. त्या पोरांनाही हत्यार हवं होतं आणि ते मिळवायला जिवावर उदार व्हावं लागत होतं. पण मिळालेलं हत्यार लपवायचं असे, मिरवायचं नसे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, पाठलागात त्यांना गोळी लागली, साथीदार मारले गेले. स्वातंत्र्यानंतर याच माणसानं साखर कारखाना काढला. आणि केडंब्याचे तुकाराम ओंबळे आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी त्यांच्या हातात फक्त लाठी होती. कसाबची एके-४७ त्यांनी नळीला धरली आणि सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. जावळी तालुक्यातल्या या माणसाला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपल्या जिल्ह्यात हत्यारापुढे उभं राहण्याचं माप हे आहे. त्यापुढे मरून मखमलीची पेटी उघडायची म्हणजे हिंमतच लागते.

हौस नसावी का? असावी की! पण मग खरी असावी. नेमाची हौस असेल तर जरा खाली कोल्हापूरकडे बघा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा हा पोरगा. महाराष्ट्राला याआधीचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना, आणि तेही रिकाम्या हातांनी, कुस्तीत. आता कान इकडे करा. या तिघा नेमबाजांनी जगभर नाव काढलं ते कुठल्या बोअरनं? बावीस! ज्या बावीसला आमचे दादा “पोरीबाळींचं खेळणं” म्हणून हिणवतात, तिनं. बोअर मोठा असला म्हणजे माणूस मोठा, हा हिशेब जागतिक पातळीवर नापास झालेला आहे.

आणि नाक्यावरच्या पोरांनो, तुम्हालाही सोडत नाही. अप्परचंच वेड असेल तर पुण्याला पाषाणला जा. तिथल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं आणि महूच्या इन्फंट्री स्कूलनं मिळून ‘अस्मी’ हे नऊ एमएमचं मशीन पिस्तूल घडवलं. कल्पना लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड या मराठी अधिकाऱ्याची. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं, चार महिन्यांत तयार झालेलं. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमधून काढलेले, आणि एकाचा उत्पादन खर्च पन्नास हजारांच्या आत धरलेला. म्हणजे खरंखुरं नऊ एमएमचं अप्पर आपल्याच राज्यात, आपल्याच माणसाच्या डोक्यातून निघालं. त्यासाठी मेकॅनिकलला प्रवेश घ्यावा लागतो, गणिताचा एम-थ्री पेपर सुटावा लागतो, आणि चहाच्या गाड्यावरून उठावं लागतं.

तर माझं म्हणणं असं. ज्याला खरी गरज आहे त्यानं मुकाट्यानं बत्तीस घ्यावी, कडीकुलपात ठेवावी, आणि शेजाऱ्यालाही कळू देऊ नये. कळलं की चोर आधी तीच न्यायला येतो. ज्याला नेमाची हौस आहे त्यानं शूटिंग क्लबात नाव घालावं. दहा मीटरची ०.१७७ इंची एअर रायफल २० ज्यूलच्या आत असली तर तिला परवानाही लागत नाही. ज्याला यंत्राची हौस आहे त्यानं अभ्यास करावा. आणि ज्याला नुसतं दिसायचं आहे त्यानं चांगला फेटा बांधावा, तो कमरेवरच्या कशापेक्षाही लांबून दिसतो.

एवढं सांगूनही ज्यांची हौस फिटत नाही त्यांच्यासाठी शेवटची बातमी. निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्याची छाननी समिती परवानेधारकांची यादी काढते, आणि ज्यांच्याबद्दल शंका त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगते. बँकेच्या पहारेकऱ्याची बारा बोअर त्याच्याकडेच राहते. नेमबाजाची रायफल त्याच्याकडेच राहते. यादीत नाव येतं ते मिरवणाऱ्यांचं. पावती तेवढी मिळते. ती जपून ठेवा, मतमोजणी झाल्यावर दाखवावी लागते.